अकरा किलो बाजरी आणि एक बाबागाडी

मिरजगावात बाबागाडी मिळत नाही. पाळणा मिळतो, झोळीचं कापड मिळतं, सुताराला सांगितलं तर तो पांगुळगाडाही करून देतो. पण मूल आत बसवून रस्त्यानं ढकलत न्यायची गाडी आमच्याकडे कुणी मागत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही. मूल कडेवर असतं, नाहीतर आजोबाच्या खांद्यावर, नाहीतर मातीत. त्यामुळे एका बाबागाडीसाठी मला तीन दिवस जिल्हाभर हिंडावं लागलं. या कामासाठी आमच्या भागातून कुणी नगर, शिर्डी आणि तिसगाव केल्याचं ऐकिवात नाही. पुढं कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

आधी माझ्याविषयी सांगायला हवं. मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. या नोकरीतून कायमचं काही मिळालं असेल तर तो संशय. मुलाचं तिकीट काढायची वेळ आली की भलाभला बाप खोटं बोलतो. एक पोरगा माझ्या गाडीत सलग चार वर्षं चारच वर्षांचा होता. शेवटी शेवटी तर तो आईची पिशवी स्वतः उचलून चढायचा. तेव्हापासून माणूस काही सांगू लागला की मी त्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सवय गेलेली नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळेच मला विनातिकीट वाटतात.

तर घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको कुसुम आणि आमची नात ओवी. ओवी दीड वर्षाची आहे. तिची आई, म्हणजे आमची सुप्रिया, पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. जावई चाकणकडं कंपनीत आहे. दोघांच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून सातव्या महिन्यापासून ओवी आमच्याकडं. सुप्रिया सुट्टी मिळेल तशी येते, एक दिवस राहते आणि जाते. सगळं सुरळीत चाललं होतं. मग दोन महिन्यांपूर्वी ओवीला उचलताना कुसुमच्या कमरेत अशी काही चमक भरली, की ती चुलीपाशी तशीच वाकलेली राहिली. नगरच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, की यापुढं वजन उचलायचं नाही, पाण्याची कळशीसुद्धा नाही.

त्याच दिवशी सुप्रियाचा फोन आला. आईची चौकशी झाल्यावर ती म्हणाली, "अण्णा, मग ओवीला आता इकडं आणू का? आमच्या सोसायटीजवळ पाळणाघर आहे, बरं आहे." मी म्हणालो, काही गरज नाही, मी गाडी आणतो, उचलायचं कामच राहणार नाही. ती बरं म्हणाली. तिच्या त्या बरं म्हणण्यावरही माझा विश्वास नव्हता. एकदा पोरगी पुण्याला गेली की ती परत यायची नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. गाडी मिळाली तर ओवी राहील, नाही मिळाली तर जाईल, असा सरळ हिशेब मी मनाशी बांधला, आणि कुसुम जरा हिंडूफिरू लागल्यावर, चार दिवस ओवीला उचलायचं शेजारणीला सांगून, निघायची तयारी केली.

तयारी म्हणजे काय, तर मी घरातल्या तराजूवर ओवीला तोललं. अकरा किलो भरली. मग तेवढीच बाजरी एका पोत्यात भरली, पोत्याचं तोंड शिवलं आणि ते खांद्यावर टाकलं. दुकानदार सांगेल ती ताकद मी मानणार नव्हतो. प्रत्येक गाडीत अकरा किलो बसवून बघणार होतो. कुसुमला गाडीची कल्पनाच पसंत नव्हती. लोक म्हणतील पोरीच्या पायात काहीतरी दोष आहे, हे तिचं म्हणणं. तरी तिनं एक गोष्ट बजावून सांगितली. जुनी गाडी घेतलीत तर ज्या घरातली आहे तिथलं मूल बघितल्याशिवाय घेऊ नका. आमच्याकडं पाळणासुद्धा लाभलेल्या घरातूनच मागून आणतात, जिथली लेकरं धडधाकट आहेत अशा. नवा विकत घेण्यापेक्षा तो बरा समजतात. ती अट मला पटली, कारण तिच्यात चौकशीला जागा होती.

नगर

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं. तोंडात मात्र अजून नगरच येतं. पुढंही मी तसंच लिहिणार आहे, जुन्या जिभेला सांभाळून घ्यावं.

कापडबाजाराच्या पुढच्या एका गल्लीत लहान मुलांच्या वस्तूंचं मोठं दुकान आहे. दुकान एक बाई चालवतात, चाळिशीच्या आसपासच्या, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्या माणसाशी मी जपून असतो. मी आत शिरलो तेव्हा त्यांनी पोत्याकडं बघून किराणा दुकान शेजारी असल्याचं सांगितलं. मी म्हणालो, हे पोतं म्हणजे माझी नात आहे. यावर त्या हसल्या नाहीत, एवढं मात्र त्यांचं कबूल करायला हवं. त्यांनी पोतं स्वतः उचललं, एका निळ्या गाडीत बसवलं, आणि खांद्यावरून दोन, कमरेवरून दोन आणि मधून एक असे पाच पट्टे त्याला व्यवस्थित लावले. बाजरी अगदी ऐटीत बसली.

नंतर त्यांनी मला बरंच काही सांगितलं. पुढची चाकं वळती हवीत, पण खडबडीत रस्त्यावर ती सरळ अडकवून ठेवता यायला हवीत. ब्रेक पायानं लागायला हवा आणि लागलेला डोळ्यांना दिसायला हवा. दीड वर्षाच्या मुलाला पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी लागत नाही, पण झोप लागली तर थोडी मागं कलणारी बरी. ढकलायची दांडी आजीला कमरेत वाकावं लागणार नाही एवढी उंच पाहिजे. हे शेवटचं ऐकून मला शंका आली, की माझ्या बायकोची कंबर यांना कशी कळली. मग आठवलं, की पट्टे लावताना मीच सगळं सांगून बसलो होतो.

एक अपघातही झाला. मी माझी पिशवी गाडीच्या दांडीला अडकवली होती. आत पाण्याची बाटली, दोन भाकऱ्या आणि कुसुमनं डब्यात बांधून दिलेली शिपी आमटी, आमच्या भागातली झणझणीत. पट्टे काढून मी बाजरी उचलली, तशी पिशवीच्या वजनानं गाडी मागच्या मागं उलटी पडली. डबा उघडला आणि आमटी फरशीवर. मी लगेच म्हणालो, बघा, गाडी उलटते. बाई फडकं आणायला सांगून शांतपणे म्हणाल्या, की कुठलीही गाडी उलटते, म्हणून दांडीला पिशवी अडकवायची नसते, सामान खालच्या जाळीत ठेवायचं. आमटीच्या वासानं दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी ती कुठली म्हणून चौकशी केली. मिरजगावची म्हणून सांगताना मला जरा बरं वाटलं.

सगळं जुळत आलं होतं. मग बाईंनी एका हातानं दांडीखालची कळ ओढली, आणि निळी गाडी बघता बघता मिटून छत्रीसारखी भिंतीला टेकली. "एका कडेवर मूल असताना दुसऱ्या हातानं मिटते," त्या म्हणाल्या. "एसटीत सीटखाली बसते, रिक्षात बसते. जड नाही."

मला ते आवडलं नाही. जे एका हातानं मिटतं ते आत पोरगी असतानाही मिटेल, असं मी म्हणालो. त्यांनी बाजरी आत ठेवून कळ ओढून दाखवली. गाडी मिटली नाही. मी म्हणालो, आज नाही मिटली, उद्याचं काय सांगावं. मी खिशातली वही काढून लिहिलं: 'निळी. चाकं ठीक, ब्रेक ठीक, पट्टे ठीक. घडी होते. भरवसा नाही.' बाईंनी विचार करून या म्हणून सांगितलं. दुकानदार इतक्या सहजपणे सोडून देतो म्हणजे काहीतरी असणारच, असं माझं मत पडलं.

मुक्काम नगरातच, सावेडीला रशीदभाईंकडं होता. रशीदभाई माझे ड्रायव्हर. त्यांनी गाडी चालवायची आणि मी माणसांवर नजर ठेवायची, अशी आमची वाटणी अकरा वर्षं होती. त्यांच्या घरी त्या संध्याकाळी गवारीची भाजी आणि गरम ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "तुम्हाला गाडी नको, जीप पाहिजे." मग त्यांनीच सुचवलं, की शिर्डीत देशभरातले लोक लेकरं घेऊन येतात, तिथं असल्या गाड्या रोज शेकड्यांनी चालतात, जाऊन बघा. शिवाय त्यांच्या शेजाऱ्यांच्या मावशी तिसगावात राहतात. त्यांच्याकडं एक गाडी नुसती पडून आहे आणि त्यांना ती काढायची आहे. का काढायची आहे, असं मी विचारलं. ते रशीदभाईंना माहीत नव्हतं. मी दोन्ही नावं वहीत लिहिली आणि तिसगावपुढं प्रश्नचिन्ह काढलं.

शिर्डी

शिर्डीला मी नोकरीत इतक्या वेळा गेलो आहे, की गावाकडं बघायचं राहूनच गेलं होतं. यावेळी रस्त्यात राहात्याला उतरून पेरू घेतले आणि पुढं गेलो. रशीदभाई म्हणाले ते खरं होतं. फुलांच्या आणि प्रसादाच्या दुकानांमधून बाबागाड्यांची रांग लागली होती. तेलुगू बोलणाऱ्या गाड्या, हिंदी बोलणाऱ्या गाड्या, गुजराती बोलणाऱ्या गाड्या. आत लेकरं आरामात बसलेली, कुणी बिस्किट खातंय, कुणी झोपलंय. आमच्याकडं चार बायका गोळा होऊन पायाची चौकशी करतील, इथं कुणी ढुंकून बघत नव्हतं.

बॅगा, छत्र्या आणि टोप्या विकणाऱ्या एका दुकानात तीन गाड्या टांगलेल्या दिसल्या. दुकानदारानं एक खाली काढली. ती तीन ठिकाणी मिटून एवढी लहान झाली, की दप्तरासारखी खांद्याला लावता येईल. विमानात डोक्यावरच्या फळीवर राहते, असं त्यानं सांगितलं. मी म्हणालो, आमच्या मिरजगावात विमान थांबत नाही. एवढ्यात शेजारी उभी असलेली एक तरुण बाई हिंदीत म्हणाली, की तिच्याकडं अशीच गाडी आहे, हैदराबादहून रेल्वेनं आणली, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. तिच्या गाडीत एक गुबगुबीत पोरगा झोपला होता.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अगदी हव्या त्या वेळी साक्षीदार हजर होतो म्हणजे तो दुकानदाराचाच माणूस असतो. मी दुकानातून निघालो आणि त्या बाईच्या मागं मागं जाऊ लागलो. ही चक्कर मारून पुन्हा दुकानापाशी आली, की माझी खात्री पटणार होती. तिनं फुलं घेतली. मी पेरू खात थांबलो. तिनं नारळपाणी प्यायलं. मीही प्यायलो. चप्पल ठेवायच्या जागेपाशी तिनं मागं वळून पाहिलं, आणि खांद्यावर पोतं घेतलेला एक म्हातारा अर्धा तास आपल्या पोरामागं फिरतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिनं हाक मारली तसा तिचा नवरा पुढं आला. त्याच्याबरोबर आणखी दोन माणसं आली, आणि पोत्यात काय आहे अशी विचारणा झाली.

मी आयुष्यभर लोकांच्या पिशव्यांकडं संशयानं बघितलं. माझ्या पोत्याकडं कुणी तसं बघायची ही पहिलीच वेळ. बाजरी आहे म्हणालो. बाजरी घेऊन देवाला का आलात, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, म्हणजे नात, अकरा किलो, कुसुमची कंबर. ते ऐकून त्यांचा संशय उलट वाढला. शेवटी मी पोत्याची एका कोपऱ्याची शिवण उसवली, चार दाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि मोबाईलमधला ओवीचा फोटो दाखवला. फोटो बघून ती बाई आधी हसली, मग तिचा नवरा.

नंतर तिनं मला तिची गाडी ढकलून बघायला दिली. पोरगा आत झोपलेलाच होता. दांडीवर दोन बोटं ठेवली तरी गाडी पुढं जात होती. ती बरोबर चालत होती आणि तिचा एक हात सारखा गाडीच्या टपावर होता, पोराला लागत नव्हता तरी. मी तिला विचारलं, की घरी पोराला कोण बघतं. सासू बघायची, ती म्हणाली, पण आता कामावर जाताना पाळणाघरात सोडते आणि येताना घेऊन येते. संध्याकाळी रस्त्यानं तो गाडीत बसून दिवसभराचं काय काय सांगत असतो, त्यातलं अर्धं कळत नाही, पण तीच वेळ सगळ्यांत चांगली जाते. मी गाडी तिच्या हातात दिली.

परतीच्या गाडीत बसल्यावर वहीत लिहिलं: 'तीन घड्यांची. सांधे फार. नको.'

तिसगाव

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, की करंजीच्या घाटानंतर मुलूख कोरडा होत जातो. आमच्याकडंही काही फार पाणी नाही, पण इथली बाभळसुद्धा आमच्या बाभळीपेक्षा चिवट वाटली. तिसगावात उतरून मी भामाबाईंचं घर विचारलं. ज्यानं दाखवलं त्यानं कशाला आलात ते विचारलं, आणि गाडी बघायला म्हटल्यावर काही न बोलता चालता झाला. मी सावध झालो.

भामाबाई पासष्टीच्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं, घरात एकट्याच. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि आधी जेवायला बसवलं. हुलग्याचे शेंगोळे, वर कच्चं तेल, बाजूला कांदा. आमच्याकडंही शेंगोळे करतात, पण यांचे बोटाएवढे जाड होते आणि लसणाला हात राखला नव्हता. मी दोनदा घेतले. मग त्यांनी पडवीतल्या कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं.

एवढे दिवस मी जी शोधत होतो ती गाडी ती होती. जाड नळ्या, सायकलीसारखी रबरी चाकं, उंच दांडी, वर पक्का टप. टपाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधलेला. मी बाजरी आत बसवली, पट्टे आवळले आणि अंगणातल्या खड्ड्यांतून गाडी फिरवली. हूं की चूं केलं नाही. मग मिटण्याची कळ शोधू लागलो तर ती सापडेना. खाली वाकून बघितलं. घडी होण्याच्या दोन्ही सांध्यांवर वेल्डिंग मारलेलं होतं. चांगलं जाडजूड, शेतीच्या अवजाराला मारतात तसं. ही गाडी आता कधीच मिटणार नव्हती.

मला मनापासून आनंद झाला. आनंद झाला की मी चौकशी सुरू करतो, ती सुरू केली. सांधा तुटला होता का? नाही, भामाबाई म्हणाल्या. मग वेल्डिंग का? उगीच, मालकांनी करून घेतलं. कुणाची गाडी? नातवाची. नातू कुठं आहे? पुण्याला. बरा आहे ना? बरा आहे. मग गाडी का काढताय? यावर त्या टपाला बांधलेला बिब्बा सरळ करू लागल्या. कुसुमची अट माझ्या डोक्यात होतीच. मी कंडक्टरच्या आवाजात म्हणालो, की नातू बघितल्याशिवाय मी गाडी नेणार नाही. त्यांनी आतून मोबाईल आणला आणि एक फोटो दाखवला. शाळेच्या कपड्यातला चारेक वर्षांचा पोरगा, दणकट. फोटो कधीचा, असं मी विचारलं. तेव्हा त्या माझ्याकडं नीट बघून बोलू लागल्या.

"गाडीत काय बी खोट न्हाई, भाऊ. सून म्हनली, पोराला पुन्याला न्यायचा हाय. गाडी घडी करून नेती म्हनली. मालक म्हनले, घडीच व्हायला नगं. वेल्डरकडं नेली अन् दोनी सांधे बंद करून आनली. आमाला वाटलं, आता कशी नेती बघू."

मी विचारलं, मग काय झालं.

"मग काय व्हतंय. ती आली, गाडीकडं बघितलं. पोराला कडंवर घेतलं अन् गेली. गाडी राहिली हितं." त्यांनी टपावरची धूळ हातानं पुसली. "तिला कळलं ना, आमी का केलं ते. तवापासून ती हिकडं येतच न्हाई. पोरगा येतो एकला, दिवाळीला. नातू न्हाई आनत. मालक गेले, तवा आनला हुता तीन दिस."

त्यांनी मला विचारलं, माझी लेक काय म्हणते, कुठली गाडी घ्या म्हणते. मी म्हणालो, तिला विचारलेलं नाही. भामाबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "न्यायची आसंल तर न्या. मला ठिवायची न्हाई."

विचार करून सांगतो म्हणालो आणि उठलो. स्टँडवर आलो, एसटीत बसलो, घाट चढू लागलो तेव्हा खांदा हलका का वाटतोय ते कळलं. बाजरी तिकडंच राहिली होती, पट्टे लावलेली.

घाटात मी वही उघडली. तीन दिवसांचं सगळं वाचलं. एकाही गाडीचं चाक वाईट नव्हतं, ब्रेक वाईट नव्हता. नगरची निळी आणि शिर्डीची ती दप्तराएवढी, दोन्हींसमोर मी एकच दोष लिहिला होता, की ती मिटते. जी सुप्रियाला एसटीत घालून नेता येईल, ती माझ्या नजरेत नापास होती. मी जगावर संशय घेत फिरत होतो, आणि हा एक माणूस माझ्याच कपड्यांत बसून विनातिकीट प्रवास करत होता, तो मला दिसला नाही. कुसुमच्या कमरेसाठी निघालो असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं तर मी घाबरलो होतो. ओवी नसलेल्या घरात सकाळी उठून करायचं काय, या विचारानं घाबरलो होतो. आणि सुप्रियाला ओवीला इथं सोडून दर खेपेला रिकाम्या हातांनी पुण्याला जावं लागतं, हे मी अकरा महिने समोर बघूनही बघितलं नव्हतं.

परत नगर

दुकानातल्या बाईंनी मला ओळखलं. पोतं कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मी निळी गाडी पुन्हा दाखवा म्हणालो. त्यांनी ती मिटून दाखवली, उघडून दाखवली. मग मी स्वतः मिटून पाहिली. पहिल्यांदा बोट चिमटलं, दुसऱ्यांदा जमलं. डावी कड मोकळी ठेवून, म्हणजे ओवी तिथं आहे असं समजून, एका हातानं तिसऱ्यांदा मिटवली. मग मी काउंटरपाशी उभा राहून सुप्रियाला फोन लावला. ती ड्यूटी संपवून नुकतीच घरी पोचली होती.

तिनं आधी आईची कंबर विचारली, मग ओवी जेवली का ते विचारलं. मी म्हणालो, मी नगरला आहे. मग विचारलं, "तुझ्या घराला जिना किती आहे?"

ती म्हणाली, "दुसरा मजला. का हो?"

"लिफ्ट?"

"आहे, पण चालू नसतेच. अण्णा, काय झालंय?"

"काही नाही. ओवीला कडेवर घेऊन दुसऱ्या हातात तुला किती वजन झेपेल ते सांग. गाडी घेतोय. तुला जिना चढून नेता आली पाहिजे."

पलीकडून आवाज येईना. फोन बंद पडला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला. चालू होता. ती रडत होती, पण रडल्याचं कळू नये एवढी काळजी घेऊन. तिच्या आईची सवय आहे ती. दुकानात होतो म्हणून मी चष्मा पुसायला काढला.

थोड्या वेळानं ती बोलली. "ड्यूटीवरून येताना रस्त्यात एक दुकान आहे, अण्णा. दोन महिने झाले, मी रोज तिथं थांबते. कुठली घ्यायची ते मी तेव्हाच ठरवून ठेवलंय. आत जाऊन मिटवूनसुद्धा बघितली आहे. तुम्ही आणतो म्हणालात, म्हणून बोलले नाही."

मी तीन दिवस हिंडलो होतो. दुकानदारांना विचारलं, परक्या बायकांना विचारलं, बाजरीला विचारलं. जिची पोरगी तिला मात्र विचारलं नव्हतं. तिला कुठली गाडी हवी आहे, ती कशी आहे, हे मला नीट समजणार नव्हतं. मी फोन दुकानातल्या बाईंच्या हातात दिला, पोरीची आई बोलतेय म्हणालो, आणि त्या दोघींना बोलू देऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो.